तरुणांच्या निर्णयसहभागाचे संशोधन (गोवा)

सार्वजनिक निर्णय होतात तिथपर्यंत तरुण मुले-मुली पोचतात का, पोचली तर त्यांचे कोण ऐकते आणि ऐकल्यावर पुढे काय होते, याचा पद्धतशीर शोध म्हणजे तरुणांच्या निर्णयसहभागाचे संशोधन. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि समाजकार्य या विषयांच्या सीमेवर हा अभ्यास चालतो. गोव्यात त्याचे पहिले ठिकाण ग्रामसभा. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य असतो. इथे निवडून आलेल्या पंचाला गावातला कोणीही मतदार समोरासमोर प्रश्न विचारू शकतो. राज्य लहान, पंचायतही लहान. त्यामुळे एखाद्या तरुणाच्या बोलण्याचा माग शेवटपर्यंत काढता येतो. मोठ्या राज्यांत हे फारसे जमत नाही.

तरुण कोणाला म्हणायचे, यावर एकमत नाही. संयुक्त राष्ट्रे आकडेवारीसाठी १५ ते २४ हा वयोगट धरतात. भारताच्या २००३ च्या युवा धोरणात तो १३ ते ३५ होता, २०१४ च्या धोरणाने १५ ते २९ केला. गोव्यातल्या अभ्यासकाला या गटाचे आणखी तुकडे करावे लागतात. १८ व्या वर्षी मत देता येते आणि ग्रामसभेत बसता येते, २१ व्या वर्षी पंचायतीला उभे राहता येते, विधानसभेसाठी २५ पूर्ण व्हावी लागतात. अकरावीतल्या मुलीचा आणि २८ वर्षांच्या पंचाचा सहभाग एकाच टक्केवारीत मोजला, तर त्या टक्केवारीतून काहीच कळत नाही.

सैद्धांतिक बैठक बाहेरून आलेली आहे. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये ती मुलांना लागू केली आणि शोभेपुरता सहभाग खालच्या पायऱ्यांवर ठेवला. लॉरा लंडी यांनी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील १२ व्या कलमाचा, म्हणजे मुलांचे म्हणणे ऐकले जाण्याच्या हक्काचा, अर्थ लावताना चार गोष्टी मागितल्या: बोलायला जागा, बोलायला मदत, ऐकणारे कान आणि म्हणण्याचा निर्णयावर परिणाम. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. गोव्यासाठी लंडी यांची मांडणी अधिक उपयोगाची आहे. जागा इथे कायद्यानेच दिली आहे, अडते ते तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टीपाशी.

गोव्याच्या इतिहासात गावाचा कारभार वयापेक्षा कुळावर चालला. गावकरी म्हणजे गावच्या सामायिक जमिनीचा कारभार पाहणारी संस्था, पुढे पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद म्हणून ओळखली गेलेली. तिच्या चालीरीती १५२६ च्या फोराल या पोर्तुगीज सनदेत नोंदवल्या गेल्या. गावकारांच्या, म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ कुटुंबांच्या, पुरुष वंशजांना तिथे हक्क होता, स्त्रियांना आणि गावकारेतरांना नव्हता. पोर्तुगीज सत्तेपासून मुक्ती मिळाल्यानंतर प्रौढ मताधिकाराने ही चौकट मोडली, तरी वयाची अट राहिली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, हा पुढच्या पिढ्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रश्न होता. तेव्हा मतदानाचे वय २१ होते. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली, त्यांत १८ ते २० वयाच्या एकाचेही मत नव्हते. ६१ व्या घटनादुरुस्तीने वय १८ वर आले ते १९८९ मध्ये. दरम्यान विद्यार्थी रस्त्यावर उतरून बोलत राहिले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीचे बसभाड्यातील निम्म्या सवलतीचे आंदोलन त्यांचेच होते, आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याआधीच्या भाषावादात कोकणी आणि मराठी या दोन्ही बाजूंना विद्यार्थी होते.

आजची ग्रामसभा गोवा पंचायत राज कायदा, १९९४ नुसार भरते, बहुधा रविवारी सकाळी. नोकरदारांना सुट्टी असते म्हणून हा वार सोयीचा मानला जातो. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, वेर्ण्याच्या किंवा पेडण्याच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या पोरांना मात्र रविवार मोकळा असेलच असे नाही. कोणी तारवावर, म्हणजे जहाजावर नोकरीला असतो, कोणी पोर्तुगालमार्गे इंग्लंडात गेलेला. लग्न होऊन गावात आलेल्या मुलीचे नाव यादीत चढेपर्यंत काळ जातो आणि तोवर माहेरची ग्रामसभाही सुटलेली असते. कर्नाटकातून आलेल्या कुटुंबात वाढून इथल्याच शाळेत शिकलेल्या तरुणांचे तर नाव असूनही पुढे येऊन बोलायला मन धजत नाही. तरुणांना गावाचे काही पडलेले नाही, असा निष्कर्ष रिकाम्या खुर्च्या पाहून काढणारा अभ्यास यातले काहीच पाहत नाही. तोच मुलगा जत्रेच्या आधी महिनाभर रात्री जागून नाटकाच्या तालमी करतो, शिगम्याच्या मेळासाठी वर्गणी गोळा करतो, हिशेब मांडतो, भांडण सोडवतो. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत उत्सव समित्या आणि युवक मंडळे हीच निर्णय घ्यायला शिकण्याची पहिली शाळा आहे. ती संशोधनाच्या कक्षेबाहेर ठेवणे ही मोठी चूक आहे.

भाषेचा पेच या अभ्यासात पावलोपावली येतो. सत्तरीतली मुलगी घरी कोकणी बोलते, प्राथमिक शाळेत मराठी शिकलेली असते आणि महाविद्यालयात इंग्रजीत उत्तरपत्रिका लिहिते. ग्रामसभेतली चर्चा कोकणीत होते, बऱ्याच पंचायतींत इतिवृत्त इंग्रजीत लिहिले जाते. तिने तावातावाने मांडलेला मुद्दा इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढाच उरू शकतो. म्हणून प्रश्नावली एकाच भाषेत वाटून भागत नाही. मुलाखत कोकणीत, लेखी टिपणे मराठीत आणि इतिवृत्ताचे वाचन मूळ भाषेत असे तिहेरी काम करावे लागते. मराठी दैनिकांच्या तालुका वार्ताहरांनी दिलेल्या ग्रामसभेच्या बातम्या इथे फार मोलाच्या ठरतात. कोण उठले, कोणाला गप्प बसवले, सभा कशावरून तापली, हे त्यांत सापडते. पंचायतीच्या दप्तरासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. गोव्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा १९९७ मध्येच, म्हणजे केंद्रीय कायद्याच्या आठ वर्षे आधी केला होता.

खरी कसोटी ठरावाचा पाठलाग करण्यात आहे. ग्रामसभेत विषय कोणी मांडला, तो ठराव झाला का, पंचायतीच्या बैठकीत आला का, सरकारी खात्याकडे गेला का आणि तिथून उत्तर आले का, अशी साखळी दोन-तीन वर्षे तपासली की सहभागाचे खरे मोल कळते. त्या मानाने उपस्थितीची वही फार थोडे सांगते. एकदा बोलून काहीच झाले नाही, असा अनुभव घेतलेला तरुण पुढच्या सभेला येत नाही. त्याच्या न येण्याला उदासीनता म्हणणे अन्यायाचे आहे.

अशा वेळी तरुण दुसरी दारे शोधतात. मोले येथील भगवान महावीर अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून जाणारे रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग रुंदीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरुद्ध २०२० मध्ये उभ्या राहिलेल्या चळवळीत विद्यार्थी, तरुण संशोधक आणि चित्रकार पुढे होते. टाळेबंदीत सभा घेणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांनी पत्रे लिहिली, चित्रे काढली, प्रकल्पांचे अहवाल वाचून सोप्या भाषेत समजावले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चांदर येथे लोक रात्रभर रेल्वेमार्गावर थांबले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. सत्तरीत गुळेली पंचायतीतल्या शेळ-मेळावलीचे चित्र वेगळे होते. आयआयटीसाठी जमीन देण्याच्या विरोधात तिथल्या बायका आणि तरुण एकत्र उभे राहिले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने तिथला प्रकल्प मागे घेतला. पहिल्या चळवळीची भाषा अहवालांची होती, दुसरीची काजूच्या बागायतीची आणि देवराईची. दोन्ही एकाच साच्यात बसवल्या तर मेळावलीच्या मुलांचे ज्ञान अभ्यासातून गळून पडते.

यावर उत्तर म्हणून सहभागी कृतिसंशोधनाची पद्धत वापरली जाते. तरुण इथे माहिती देणारे नसतात, सहसंशोधक असतात. प्रश्न तेच ठरवतात, मुलाखती तेच घेतात, गावाचा नकाशा तेच काढतात. जैवविविधता कायदा, २००२ खालील लोक जैवविविधता नोंदवहीचे काम याला जवळचे आहे. झरे, औषधी वनस्पती, खाजन शेती (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेती) यांची माहिती वडीलधाऱ्यांकडून घेऊन तरुणांनी नोंदवायची आणि तीच माहिती पुढे गावच्या हरकतीत पुरावा म्हणून मांडायची, अशी वाट तिथे उपलब्ध आहे.

गोपनीयतेचा प्रश्न गोव्यात इतर ठिकाणांपेक्षा बिकट आहे. काही शे मतदारांच्या प्रभागात ‘२२ वर्षांची, नर्सिंग शिकलेली, सरपंचांना प्रश्न विचारणारी मुलगी’ एवढे वर्णन पुरते. नाव बदलून उपयोग होत नाही. घराचा दाखला, नोकरीची शिफारस, वडिलांच्या दुकानाचा परवाना यांसाठी त्याच पंचायतीत जावे लागते. म्हणून जबाबदार अभ्यासक गाव आणि प्रभागही बदलतात, अठराखालच्या मुलांसाठी पालकांची आणि मुलांची स्वतःचीही संमती घेतात, आणि मसुदा आधी त्या मुलांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवतात. एखादे वाक्य काढायला त्यांनी सांगितले तर ते काढले जाते, मग प्रबंधात ते कितीही महत्त्वाचे असो.