संमोहनाने वेदनाशमन

संमोहित अवस्थेत दिलेल्या सूचनांच्या मदतीने शारीरिक दुखणं कमी करायची किंवा निदान त्याचा जाच कमी करायची पद्धत. ऑपरेशन, दाताची कामं, भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग, बाळंतपण, कॅन्सरचं दुखणं, जुनाट कंबरदुखी अशा बऱ्याच ठिकाणी ती वापरली जाते, बहुतेक वेळा औषधांच्या जोडीला. पेशंट झोपलेला नसतो, त्याला ऐकू येतं, बोलताही येतं.

उगम आणि वाद

सुरुवात कुणापासून धरायची यावर एकमत नाही. बहुतेक ग्रंथ फ्रांझ मेस्मर या जर्मन डॉक्टरपासून (१७३४–१८१५) सुरू करतात. शरीरात चुंबकीय गुणांचा एक सूक्ष्म द्रव वाहतो आणि तो हाताने वळवता येतो असं तो मानायचा, पण १७८४ मध्ये पॅरिसला राजाने नेमलेल्या समितीने (तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हाझिए दोघंही होते) असा द्रव नाहीच, परिणाम होतो तो कल्पनाशक्तीमुळे, असा निष्कर्ष काढला. याच दिशेने खरं पाऊल पुढे टाकलं ते गोव्यात कांदोळीला जन्मलेल्या आबे फारिया या धर्मगुरूने. १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करताना तो सांगायचा की प्रयोग करणाऱ्याच्या अंगात काही खास शक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. आजची पद्धत सूचनेवरच उभी आहे हे बघता तिचा वैचारिक उगम मेस्मरपेक्षा फारियाकडे मानणं जास्त योग्य वाटतं.

प्रत्यक्ष ऑपरेशनचा इतिहास मात्र मेस्मरच्या अनुयायांचा आहे. १८२९ मध्ये पॅरिसचे सर्जन झ्युल क्लोके यांनी मेस्मरच्या पद्धतीने आणलेल्या 'चुंबकीय निद्रेत' एका बाईच्या स्तनातली गाठ काढली. १८४२ मध्ये इंग्लंडात वॉर्ड नावाच्या सर्जनने मांडीपासून पाय कापला आणि पेशंट शांत पडून होता असं लंडनच्या वैद्यक सभेत सांगण्यात आलं, तर तिथे मार्शल हॉल या डॉक्टरांनी पेशंट नाटक करत होता असाच आक्षेप घेतला, कारण त्यांच्या मते खरंच बधिरता असती तर दुसरा पाय आपोआप आकसायला हवा होता!

सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो जेम्स एस्डेल यांचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या या स्कॉटिश सर्जनने एप्रिल १८४५ मध्ये बंगालातल्या हुगळीला एका कैद्याच्या अंडकोषात साचलेलं पाणी काढताना पहिल्यांदा हा प्रयोग केला, आणि पुढे हत्तीरोगाने वाढलेल्या प्रचंड गाठी काढण्यासाठी तो सर्रास वापरला. काम संथ होतं, अंधाऱ्या खोलीत एतद्देशीय मदतनीस पेशंटच्या अंगावरून तासन् तास हात फिरवायचे, कधी कधी रोज, कित्येक दिवस. शेकडो ऑपरेशनं आणि मृत्यूचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं असे आकडे नंतरच्या पुस्तकांत फिरतात, ते जपूनच घ्यायला हवेत. सरकारने १८४६ मध्ये तपासणीसाठी नेमलेल्या समितीसमोर काही पेशंट निश्चल राहिले, पण काहींचे चेहरे वेडेवाकडे झाले, हातपाय हलले, आणि जागे झाल्यावर मात्र काही दुखलं नाही असं त्यांनी सांगितलं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढचा सगळा शास्त्रीय वाद याच मुद्द्याभोवती फिरतो. शिवाय एस्डेल तोंडी सूचना फारशा देत नसत, त्यामुळे त्यांच्या कामाला आजच्या अर्थाने संमोहन म्हणावं का यावरही मतभेद आहेत.

ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथर आणि १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आलं, काही मिनिटांत आणि जवळपास कुणालाही भूल देता यायला लागली, मग ही पद्धत मागे पडली. पुढे १९५५ मध्ये ब्रिटिश आणि १९५८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वैद्यकीय वापराला मान्यता दिली.

कार्य कसं होतं

स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ अर्नेस्ट हिल्गार्ड यांनी संमोहित माणसाचा हात बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावला. तोंडाने तो 'दुखत नाही' म्हणायचा, पण जाणिवेच्या दुसऱ्या भागाला विचारल्यासारखं करून विचारलं की काही जण बरंच दुखतंय असं कळवायचे. यावरून जाणिवेचे दोन प्रवाह वेगळे होतात असं त्यांनी मांडलं. निकोलस स्पॅनोस या मानसशास्त्रज्ञांना हे पटलं नाही, त्यांच्या मते दुसरं उत्तरसुद्धा प्रयोगकर्त्याच्या सूचनेतूनच तयार होतं. दोन्ही बाजू अजून टिकून आहेत, पण नुसतं ढोंग असतं हे मत आता मागे पडलंय. १९९७ मध्ये रॅनव्हिल आणि सहकाऱ्यांनी हात बोचऱ्या गरम पाण्यात असलेल्या लोकांना 'त्रासदायक कमी वाटेल' अशी सूचना दिली, तेव्हा मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातली (दुखण्याचा त्रास वाटण्याशी जोडलेला भाग) हालचाल बदलली, संवेदना नोंदवणाऱ्या भागात मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे दुखणं आणि दुखण्याचा जाच हे निदान काही प्रमाणात वेगळे करता येतात. नॅलोक्झोन हे अफूजन्य औषधांचा परिणाम थांबवणारं औषध दिलं तरी संमोहनाचा परिणाम जात नाही, त्यामुळे एंडॉर्फिनचं (शरीरातच तयार होणारं अफूसारखं वेदनाशामक) स्पष्टीकरण पुरत नाही.

पद्धत आणि परिणाम

आधी श्वासाकडे किंवा एखाद्या बिंदूकडे लक्ष एकवटायला लावतात, मग सूचना. हातमोज्याची पद्धत बरीच शिकवली जाते: हातावर जाड मोजा चढलाय, बोटं जड होताहेत, आता बधिर, असं सावकाश सांगत नेतात आणि मग तो बधिर हात दुखऱ्या जागेवर ठेवून बधिरता तिथे उतरते अशी सूचना देतात. जुनाट दुखण्यात पेशंटला हेच घरी स्वतःचं स्वतः करायला शिकवतात, खरा उपयोग तिथेच जास्त.

सगळ्यांना सारखा गुण येत नाही. २०१९ मध्ये ८५ नियंत्रित प्रयोगांचा (३,६३२ सहभागी) एकत्रित आढावा निघाला, त्यात थेट वेदनाशमनाची सूचना दिल्यावर जास्त सूचनाक्षम (सूचनेचा परिणाम सहज होणाऱ्या) लोकांत वेदना सुमारे ४२ टक्के आणि मध्यम लोकांत २९ टक्के कमी झालेली दिसली, कमी सूचनाक्षम लोकांत फायदा अगदी थोडा. हे प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेतल्या वेदनेवरचे होते. बेल्जियममध्ये लीज इथे १९९२ पासून थायरॉइडसारख्या ऑपरेशनात संमोहन, स्थानिक भूल आणि हलकं गुंगीचं औषध एकत्र वापरतात, नुसतं संमोहन लावून मोठं ऑपरेशन करणं आज अपवादानेच होतं.

दुखण्याचं कारण शोधायच्या आधी ते दाबून टाकू नये, कारण आत वाढत असलेला आजार तेवढ्यापुरता लपतो. सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा मनोविकार) असलेल्या पेशंटवर हा उपाय एरवी टाळतात.