१९५१ची खानेसुमारी आणि गावचं दप्तर : शेतकरी घराण्याची जुनी नोंद कशी मिळवावी

लालबाग-परळच्या चाळींतून विरार-डोंबिवलीपर्यंत पांगलेल्या घरांत हा प्रश्न कधी ना कधी निघतोच : पणजोबा गावाला कुणाची जमीन कसायचे, आपली की खोताची? मग कुणीतरी सुचवतं, जुन्या जनगणनेत बघा.

जनगणना कार्यालयात असा अर्ज करून हाती काही लागत नाही. जनगणना अधिनियम १९४८च्या कलम १५ प्रमाणे माणसागणिक भरलेली माहिती गोपनीय असते. ती कुणाला पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. लोकांसाठी खुले असतात ते छापील अहवाल. त्यांतल्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाव आणि त्याची लोकसंख्या सापडते, माणसाचं नाव नाही. तरीही ती आधी चाळावी, कारण त्या काळी गाव कोणत्या तालुक्यात होतं हे तिथे कळतं. अर्ज चुकीच्या तहसीलला गेला की महिने वाया जातात.

नाव सापडण्याची खरी जागा म्हणजे १९५१चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. फेब्रुवारी १९५१च्या खानेसुमारीवरून, म्हणजे जनगणनेवरून, ते घरवार उतरवून काढलं होतं. २०२३मध्ये मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात जे महसुली कागद तपासले गेले, त्यांत हे रजिस्टरही होतं. सगळ्याच गावांचं ते टिकलेलं नाही, पण तहसीलच्या अभिलेख कक्षात आधी त्याचीच चौकशी करा.

त्या खानेसुमारीत शेतीवर जगणाऱ्यांना चार आकडे दिले होते. १ म्हणजे स्वतःची जमीन कसणारा, २ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, ३ म्हणजे शेतमजूर आणि ४ म्हणजे जमीन दुसऱ्याला कसायला देऊन खंड (जमिनीचं भाडं) घेणारा. पणजोबांपुढे २ दिसला तर ते कूळ असणार, आणि पुढचा कागद कुळकायद्याचा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. म्हणून त्या कायद्याच्या कलम ३२ग खालचा जमिनीची किंमत ठरवणारा आदेश आणि ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र मागावं.

मुंबईकरांनी एक गोष्ट विसरू नये. गिरणीत कामाला असलेला माणूस त्या वर्षी इथल्या चाळीत मोजला गेला असण्याची शक्यता आहे. गावच्या यादीत तो नसला म्हणून घरच नव्हतं असं समजू नका. त्याची आई, बायको, भाऊ यांची नावं शोधा.

अर्ज साधा असतो. तहसीलदारांच्या नावे, ‘जुन्या अभिलेखाची नक्कल मिळणेबाबत’ असा विषय. मजकुरात गाव, तालुका, पूर्वजाचं पूर्ण नाव, अंदाजे वर्षं आणि माहीत असेल तर सर्व्हे नंबर. सोबत आधारची प्रत, आजचा सातबारा किंवा आठ-अ, आणि नातं दाखवणारे कागद : स्वतःचा, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा मृत्यू दाखला, हाताने काढलेली वंशावळ. जमिनीच्या कागदांची नक्कल फी भरून कुणालाही मागता येते. जातीच्या दाखल्यासाठी किंवा वारस नोंदीसाठी कागद वापरायचा असेल तर मात्र नात्याची साखळी एकाही कडीत तुटता कामा नये.

अर्जात ‘जुने रेकॉर्ड द्यावे’ असं मोघम लिहू नका. फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) म्हणजे गाव नमुना ६, जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४, ज्याला बरेच जण कोतवाल बुक म्हणतात, असं नाव घेऊन मागा. जिथे जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणारी एकत्रीकरण योजना राबली तिथे सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, तेव्हा दोन्हींचा मेळ दाखवणारा उताराही लागतो. गावच्या शाळेतून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा घ्या. आजोबा दुसरीतूनच शाळा सोडून गेले असले तरी तिथे त्यांचं नाव असू शकतं.

मुंबई उपनगर, ठाणे, पालघर यांसारख्या जिल्ह्यांचे स्कॅन केलेले जुने कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी पोर्टलवर घरबसल्या पाहता येतात. ज्यांचं मूळ गावच मरोळ, गोराई किंवा भांडुप आहे त्यांनी लक्षात ठेवावं : मुंबई उपनगर जिल्हा १९२०मध्ये झाला, त्याआधी साष्टी, म्हणजे ही गावं ज्या बेटावर आहेत ते, ठाणे जिल्ह्यात होती. त्याहून जुन्या नोंदींचा माग ठाण्यात काढावा लागतो.

कार्यालयाने ‘सापडत नाही’ म्हटलं तर तेच लेखी मागा. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, प्रत दर पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यानंतर पहिलं अपील.

नक्कल हातात आली की नावापुढची अक्षरं नीट वाचा. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव फक्त थोरल्याचं. कितीतरी धाकट्या भावांची घरं या तीन अक्षरांमागे दडलेली असतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ते असेल तर वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि बहुतेक वेळा पालनकर्ती म्हणून आईचं नाव लागलेलं असतं. म्हणजे नवरा तरुणपणीच गेला आणि पुढची शेती त्या बाईने ओढली. हे कागद मोडीत असतील तर मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या.

१९५१च्या रजिस्टरसाठी मी इतका आग्रह धरतो तो यासाठीच. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागायला सहसा नवऱ्याने मरावं लागे. घरवार यादीत मात्र जित्या नवऱ्याच्या खालच्या ओळीत तिचं नाव आणि वय लिहिलेलं असतं. ते पान सापडलं तर त्याची प्रमाणित प्रत घ्या आणि वंशावळीत तिच्यासाठी सोडलेली रिकामी जागा भरा.