युरिथेनीज ग्रिलस

युरिथेनीज ग्रिलस : खोल समुद्रात मृतमांसावर जगणारा मोठ्या आकाराचा कवचधारी प्राणी. संधिपाद संघातील क्रस्टेशियांच्या ॲम्फिपोडा गणात व युरिथेनिइडी कुलात त्याचा समावेश होतो. हे कुल स्टॉडर्ट व लॉरी यांनी २००४ मध्ये वेगळे केले. त्यापूर्वी ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) लायसियानासिडी या व्यापक कुलात ठेवीत. कोकण-गोव्याच्या पुळणीवर भरतीने टाकलेल्या कुजक्या शेवाळाखालून टुणटुण उड्या मारणारे चिमुकले जीव याच गणातले. मात्र त्यांची लांबी फार तर दोन-अडीच सेंमी. भरते, तर युरिथेनीज प्रजातीतील पूर्ण वाढलेली मादी १५ सेंमी.पर्यंत जाते. कोळंबी व खेकडे दशपाद गणातले असल्याने त्यांच्याशी नाते दूरचे आहे.

ग्रिलस हा लॅटिन शब्द रातकिड्यासाठी आहे. जातीचे वर्णन १८२२ मध्ये बर्लिन येथे छापलेल्या, ग्रीनलंडच्या सफरीवरील मार्टिन मांट यांच्या प्रबंधात आले. हे मांट पुढे रशियाचा झार पहिला निकोलस याचे वैद्य झाले. नाव मात्र बर्लिनचे प्राणिशास्त्रज्ञ लिश्टेनश्टाइन यांनी दिलेले मानतात, म्हणून जातीचा कर्ता ‘लिश्टेनश्टाइन, मांट यांच्या ग्रंथात’ असा दुहेरी लिहिण्याचा प्रघात आहे. सुरुवातीला ती गॅमॅरस प्रजातीत घातली होती. मूळ नमुने फुल्मार या समुद्रपक्ष्याच्या जठरातून मिळाले, असे सांगितले जाते. खोल पाण्यातला प्राणी पक्ष्याच्या पोटात जावा हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते; पण या प्रजातीतील मोठे प्राणी तळ सोडून बरेच वर पोहतात, हे लक्षात घेता त्यात अशक्य काही नाही.

जातीच्या व्याप्तीविषयीचा वाद १८४८ पासून चालत आला आहे. त्या वर्षी फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी मिल्न-एद्वार यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, हॉर्न भूशिराजवळ माशाच्या पोटात सापडलेल्या तशाच एका मोठ्या प्राण्याला लायसियानासा मॅगेलॅनिका असे नाव दिले. १८६५ मध्ये स्वीडनच्या लिलयेबोर्ग यांनी उत्तरेकडील नमुना दक्षिणेकडीलशी ताडून पाहिला. दोन्ही एकच ठरवून त्यांनी त्यासाठी ‘युरिटेनीज’ ही प्रजाती स्थापली. ते नाव एका गांधीलमाशीवर्गीय कीटक प्रजातीला आधीच दिलेले असल्यामुळे १८८२ मध्ये स्मिथ यांनी एका अक्षराचा बदल करून ‘युरिथेनीज’ रूढ केले. जुन्या ग्रंथांत दोन्ही रूपे आढळतात. ती दोन वेगळ्या प्रजातींची नावे समजू नयेत.

पुढे शतकभराहून अधिक काळ उत्तर ध्रुवाजवळचा, अटलांटिकच्या तळाचा, पॅसिफिकच्या मध्यावरचा आणि अंटार्क्टिकाभोवतीचा असा जिथला तिथला मोठा लाल ॲम्फिपोड ‘ग्रिलस’ या एकाच नावाखाली नोंदला गेला. खोलीची नोंदही काही शे मीटरपासून ६,५०० मीटरच्या पलीकडे पसरली. तळावर अडथळे नाहीत, पाणी सर्वत्र सारखेच थंड व काळोखे आहे, तेव्हा एकच जाती जगभर असणे स्वाभाविक, अशी त्यामागची धारणा होती. तिला पहिला तडा १९८७ मध्ये गेला. पॅसिफिकमधील होरायझन गायोट या समुद्रमग्न पर्वतावरील व त्याच्या पायथ्याच्या खोऱ्यातील प्राण्यांत आनुवंशिक फरक असल्याचे बकलिन, विल्सन व स्मिथ यांनी त्या वर्षी दाखवले. १९९६ मध्ये फ्रान्स व कोकर यांना असे आढळले, की हजारो किलोमीटर दूर पण सारख्या खोलीवर राहणारे प्राणी एकमेकांच्या जवळचे आहेत, तर एकाच सागरातील वरच्या उतारावरचे व खोल तळावरचे प्राणी परस्परांपासून बरेच दुरावलेले आहेत. म्हणजे आडव्या अंतरापेक्षा उभे अंतर मोठे ठरले.

तरीही स्टॉडर्ट व लॉरी यांनी २००४ च्या प्रजातीसमीक्षेत मॅगेलॅनिकसला (म्हणजे वर आलेल्या मॅगेलॅनिकाला) ग्रिलसमध्येच विलीन ठेवले. बाह्यरचनेत भरवशाचा फरक हाती लागत नसताना नवी नावे देऊ नयेत, ही त्यांची भूमिका त्या वेळच्या पुराव्याला धरून होती. २०१३ मध्ये हावरमान्स व सहकाऱ्यांनी मायटोकाँड्रियातील दोन व केंद्रकातील एक अशा तीन जनुकखंडांची तुलना केली, तेव्हा ‘ग्रिलस’ या नावाखाली जातीच्या पातळीवर वेगळ्या अशा नऊ शाखा दिसल्या. त्यांतील एकच खऱ्या अर्थाने ग्रिलस असून ती दोन्ही ध्रुवांकडील थंड पाण्यात आढळते. दोन वर्षांनी द'उदेकेम द'अकॉझ व हावरमान्स यांनी मॅगेलॅनिकस ही जाती पुन्हा मान्य केली आणि मॅल्डोरॉर, सिग्मिफेरस, इक्विलेटस व अंधकारी या नव्या जातींची वर्णने दिली. शेवटचे नाव संस्कृत ‘अंधकार’ या शब्दावरून योजलेले असून ते प्राण्याच्या अधिवासाला चपखल बसते. प्रस्तुत नोंदीत हाच संकुचित अर्थ ग्राह्य धरला आहे, कारण जनुकीय शाखांना बाह्यलक्षणांचा दुजोरा मिळाल्यावर जुनी व्यापक जाती टिकवण्यास आधार उरत नाही.

शरीररचना : शरीर दोन्ही बाजूंनी चपटे, कमानदार, पाठीवर अखंड ढाल नसते. डोके, वक्षाचे सात सुटे खंड, उदराचे पुढील तीन व मागील तीन खंड आणि शेवटी पुच्छखंड अशी मांडणी सर्व ॲम्फिपोडांप्रमाणेच. वक्षाच्या पायांच्या सात जोड्यांपैकी पहिल्या दोन पकडीसाठी, पुढील पाच चालण्यासाठी असतात. काही पाय पुढे व काही मागे वळलेले असल्यानेच या गणाला ‘दोन्हीकडे पाय असलेले’ या अर्थाचे नाव पडले. उदराच्या पुढील तीन खंडांवर पोहण्याचे पाय व मागील तीन खंडांवर ताठ पुच्छपाद असतात. प्रत्येक पायाच्या मुळाशी बाजूला लोंबणारी ढाल असते आणि पहिली जोडी सोडल्यास तिच्या आतल्या अंगाला क्लोम (कल्ले) असतात. पहिली ढाल दुसरीहून लहान, तर चौथी सर्वांत रुंद व मागच्या खालच्या कोपऱ्यात फुगीर असते.

डोळे देठाविना, डोक्याच्या बाजूंना चिकटलेले, उभट व लांबट असतात. त्यांची रचना आकृती पाहण्यापेक्षा क्षीण प्रकाश टिपण्यास अनुकूल दिसते. वासाचे काम शृंगिका (डोक्यावरच्या मिशांसारखे अवयव) करतात. पहिल्या शृंगिकेचा बुंधा आखूड व जाड असून तिच्या चाबकासारख्या भागाच्या मुळाशी गंधग्राही केसांचा दाट कुंचला असतो. अनेक ॲम्फिपोडांत असा कुंचला नराला मादी शोधण्यासाठीच असतो. मृतमांसावर जगणाऱ्या या प्राण्यांत तो मादीलाही असतो, कारण दूरवर पडलेल्या मढ्याचा माग दोघांनाही काढावा लागतो.

जंभाची (जबड्याची) धार रुंद, गुळगुळीत व किंचित बहिर्वक्र असते. दाढेच्या जागी केसाळ जिभेसारखा भाग असून दळण्याचा पृष्ठभाग नावापुरता उरलेला असतो. प्राणी चावत बसत नाही. लचका तोडतो, गिळतो आणि ताणल्या जाणाऱ्या अन्नमार्गात साठवतो. पहिली पकड (पकडीच्या पायांची पहिली जोडी) आखूड व दणकट; दुसरी लांब व सडसडीत असून तिचा तिसरा सांधा लांबलेला व टोक पंजामोज्यासारखे असते. दुसऱ्या पकडीची ही घडण संपूर्ण लायसियानासिड समूहाची खूण आहे. पुच्छखंड मध्ये खोलवर चिरलेला असतो.

ओळख : प्रजाती ओळखणे अवघड नाही, जाती ओळखणे अवघड आहे. पाठीची कड बाजूने कशी दिसते, डोळ्याची रुंदी सर्वत्र सारखी आहे की नाही, पहिल्या व दुसऱ्या पकडीचा तळवा किती पुढे येतो, जंभपादाच्या (तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाच्या) बाहेरच्या पात्यावरचे काटे कसे आहेत, मुळांच्या ढालींचा व मागच्या पायांचा आकार कसा आहे, अशी बारीक लक्षणे एकत्र पाहावी लागतात. सिग्मिफेरसच्या खंडांची पाठ बाजूने पाहता सिग्मा अक्षरासारखी वळणदार दिसते, म्हणूनच ते नाव. ही लक्षणे वयानुसार बदलतात. त्यामुळे पिलावरून जाती ठरवणे धोक्याचे असते. जिवंतपणी तांबडा असणारा रंग मद्यार्कात उतरतो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए मिळणे कठीण जाते, म्हणून संग्रहालयांतील ‘ग्रिलस’ अशी चिठ्ठी लावलेल्या कित्येक बाटल्यांची फेरओळख केवळ रचनेवरूनच करावी लागते.

वाढ, आहार व पोहणे यांविषयीची बरीचशी माहिती मध्य उत्तर पॅसिफिकमध्ये आमिषाचे सापळे लावून मिळवलेली आहे. तेथे तळाजवळ लहान व वरच्या पाण्यात मोठे प्राणी सापडले. काही तर तळापासून १,८०० मीटर वर. ते प्राणी आजच्या व्याख्येनुसार ग्रिलस नसण्याचीच शक्यता अधिक असल्याने ही निरीक्षणे प्रजातीची म्हणून वाचणे इष्ट. याच प्रजातीतील प्लॅस्टिकस ही जाती २०२० मध्ये मेरियाना गर्तेत ६,०१० ते ६,९४९ मीटर खोलीवरील नमुन्यांवरून वर्णिली गेली. त्यांतील एका पिलाच्या आतड्यात पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटशी, म्हणजे बाटल्यांच्या प्लॅस्टिकशी, मिळताजुळता तंतू आढळला आणि तेच जातीच्या नावाचे कारण झाले.

अंडी मादीच्या छातीखालील पट्टिकांनी बनलेल्या पिशवीत वाढतात. मुक्त पोहणारी डिंभावस्था (प्रौढाहून वेगळी दिसणारी बाल्यावस्था) नसते. पिशवीतून बाहेर पडणारे पिलू आकार सोडल्यास प्रौढासारखेच असते.