मोजक्या सामन्यांचे कार्ड (स्ट्रॅट-ओ-मॅटिक बेसबॉल)

हंगामात थोडेच सामने खेळलेल्या, पण त्यात भलतीच चांगली (किंवा अगदीच सुमार) कामगिरी केलेल्या खेळाडूचे कार्ड. अमेरिकेत हॅल रिचमन यांनी १९६१ साली विक्रीला आणलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या टेबलावरच्या बेसबॉलमध्ये प्रत्येकाचे कार्ड त्याच्या हंगामातील खऱ्या आकडेवारीवरून बेततात. मात्र हे आकडे बॅटिंगच्या सहाशे संधींतून आले की तिसांतून, ते फाशांना ठाऊक नसते.

खेळात तीन फासे पडतात. एका फाशावर १ ते ३ आले तर बॅटरच्या कार्डातला त्या क्रमांकाचा रकाना वाचायचा, ४ ते ६ आले तर पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) कार्डातला. उरलेल्या दोघांची बेरीज निकालाची ओळ ठरवते. ७ ही बेरीज सहा प्रकारे पडते, २ आणि १२ एकेकाच प्रकारे; म्हणून जाणकार नवे कार्ड हाती आले की आधी ६, ७, ८ या ओळी पाहतो.

थोडक्यात, निम्मा निकाल पिचरच्या हाती असतो. त्याची भरपाई बॅटरच्या कार्डात करावी लागते. १९५७ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्जने जुलैअखेर बोलावून घेतलेल्या बॉब हेझलने ४१ सामन्यांत, १३४ अ‍ॅट-बॅटमध्ये (वॉक वगैरे वगळून मोजलेल्या बॅटिंगच्या संधींमध्ये) .४०३ ची सरासरी राखली. (इथली सरासरी धावांची नव्हे, हिटना, म्हणजे चेंडू टोलवून सुखरूप बेस गाठण्याला, अ‍ॅट-बॅटने भागायचे.) सामान्य पिचरचे कार्ड .२६० च्या आसपास हिट देते असे धरले, तर एकूण .४०३ साधायला हेझलच्या स्वतःच्या रकान्यांत .५४६ भरावे लागतात. वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) बाजूला ठेवले, तर निम्म्याहून जास्त जागा हिटच्या! प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी तो ब्रेव्ह्जकडून .१७९ वर घसरला आणि डेट्रॉइटला विकला गेला, पण १९५७ च्या कार्डाला त्याचे काय?

या हिशेबाला वरून झाकण आहे. जॉन पचोरेक २९ सप्टेंबर १९६३ रोजी ह्यूस्टनकडून आयुष्यातला एकमेव मेजर लीग (अमेरिकी बेसबॉलची सर्वोच्च पातळी) सामना खेळला: तीन हिट, दोन वॉक, एकदाही बाद नाही. सरासरी १.०००. त्याच्या तिन्ही रकान्यांत नुसत्या हिट कोंबल्या, तरी पिचरचे कार्ड त्याला .६३० च्या आसपासच अडवते. खालच्या टोकालाही तेच: हिट न मिळालेल्या बॅटरला पिचरच्या कार्डावरून अधूनमधून हिट मिळतेच.

गैरफायदा टाळायला हा खेळ खेळणाऱ्यांच्या हौशी लीग कार्डाच्या वापरावर मर्यादा घालतात. खेळाडूला खऱ्या हंगामाइतक्याच संधी, फार तर थोड्या जास्त. हा नियम नसेल तर हुशार मॅनेजर हेझलला हंगाम सुरू होतो त्या एप्रिलपासून रोज उतरवतो, आणि हंगामाची पुनर्रचना राहते बाजूला. नियम कडक पाळला, तर पचोरेकच्या वाट्याला अख्ख्या हंगामात पाच वेळा बॅटिंग येते, आणि त्यातही साधारण निम्म्या वेळा फासा पिचरचेच कार्ड दाखवतो.