पोटातली हवा आणि पाण्याखालचे पहिले दहा मीटर

स्कूबा डायव्हिंगसाठी मालवण-तारकर्लीला गेलेल्या पर्यटकाने होडीत बसण्यापूर्वी आरोग्यविषयक प्रश्नावली भरणे अपेक्षित असते. तिच्यातील दमा, हृदयविकार आणि कानाच्या दुखण्यांविषयीचे प्रश्न माणसे बऱ्यापैकी गांभीर्याने वाचतात; पोटाचा प्रश्न मात्र ‘नाही’ लिहून उरकला जातो, कारण अधूनमधून होणाऱ्या आम्लपित्ताला आपण आजार मानत नाही आणि रोज उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या पँटोप्राझोलच्या गोळीला औषध मानत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या प्रश्नावलीत मात्र जठर व आतड्यांच्या तक्रारी, अगदी अलीकडचे जुलाबसुद्धा, स्वतंत्रपणे विचारलेले आहेत आणि नियमित औषधांसाठी वेगळा प्रश्न आहे. पोटाला इतके महत्त्व का, याचे उत्तर दाबाच्या साध्या हिशेबात सापडते.

समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार, असा हा चढता क्रम आहे. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब दुप्पट झाला की वायूचे आकारमान निम्मे होते, आणि वर येताना नेमके उलटे घडते. यात एक गोष्ट सहज ध्यानात येत नाही. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो, पण १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना तो थेट दुप्पट होतो. त्यामुळे ‘आम्ही फार खोल जाणारच नाही’ हे आश्वासन पोटाच्या बाबतीत फारसे कामाचे नाही. सर्वांत मोठा बदल शेवटच्या दहा मीटरांतच होतो.

तरीही रात्रीच्या जेवणाने पोटात धरलेला वायू हा खरा धोका नव्हे. तो खाली जाताना आक्रसतो आणि वर आल्यावर पूर्वीइतकाच होतो. घोटाळा होतो तो खोलवर असताना गिळलेल्या हवेमुळे. नवशिका घाबरून वारंवार आवंढे गिळतो, कान मोकळे करण्याच्या खटपटीत हवा पोटात ढकलतो, आणि रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरलेल्या श्वसनयंत्रातून, येणारी ही हवा भोवतालच्या दाबाचीच असते. १० मीटरवर गिळलेली पाव लिटर हवा पृष्ठभागावर अर्धा लिटर होते. ३० मीटरवर गिळलेली तेवढीच हवा एक लिटर. निरोगी माणसाच्या बाबतीत ती ढेकरेच्या किंवा अधोवायूच्या वाटेने निघून जाते. चारचौघांत ढेकर देणे असभ्य समजले जाते, पण वर येणाऱ्या डायव्हरसाठी ती अत्यंत उपयुक्त क्रिया आहे. वर येताना पोट तटतटले तर तिथेच थांबावे, गरज वाटल्यास मीटरभर खाली जावे, शरीर उभे ठेवून वायू मोकळा होऊ द्यावा आणि मग मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी वेगाने चढावे.

वाट बंद असेल तर काय होते, हे वैद्यकीय साहित्यातील मोजक्या नोंदींवरून कळते. जठर फार ताणले गेले की अन्ननलिका त्याला मिळते तिथला कोन बदलतो आणि तो भाग एकेरी झडपेसारखा वागू लागतो. ढेकर येत नाही, पुढचे दारही उघडत नाही, आणि घाईने वर येणाऱ्या डायव्हरचे जठर फाटू शकते. अशा घटना अतिशय दुर्मीळ आहेत. परंतु भरपेट जेवण, सोडायुक्त पेये आणि भीतीपोटी मारलेली वरची धाव हे त्यांतील परिचित घटक आहेत. म्हणून सुरमईच्या थाळीचा बेत बुडीनंतरचा असावा. खाण्याचा सोडा असलेली फसफसणारी चूर्णेही त्या सकाळी नकोत, कारण सोडा आणि जठरातील आम्ल मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

हाच तर्क पुढे नेला की कोणत्या विकारांत डायव्हिंग करू नये, हे आपोआप उलगडते. जठराचा निर्गममार्ग अरुंद झाल्याने वारंवार उलट्या होणे, लहान आतड्यात पुन्हापुन्हा अडथळा येणे, अन्ननलिकेचे खालचे टोक सैल न होणारा अकॅलेशिया, किंवा जठराचा भाग अन्ननलिकेशेजारून छातीत सरकणारा हर्निया, या सर्वांत वायू अडकून पडतो. आतडे उतरू शकेल असा पोटाच्या भिंतीतला हर्नियाही शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊन जखम पूर्ण भरेपर्यंत पाण्याबाहेरच बरा. याउलट, पोटावर पिशवी लावलेल्या माणसाला डायव्हिंग कायमचे बंद झाले असे नाही. उघड्या तोंडाच्या स्टोमामधून (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडातून) वायू सुटतो, अडचण असते ती आत बंद कप्पा असलेल्या प्रकारात. क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचा आजार शांत असेल आणि डॉक्टरांची संमती असेल तर बुडी मारता येते, मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना प्रवाळाचा साधा ओरखडाही दुर्लक्षू नये.

छातीतील जळजळ हा जास्त लोकांचा प्रश्न आहे. घट्ट वेटसूट आणि कमरेचा वजनी पट्टा पोट आवळतात, डायव्हर आडवा किंवा डोके खाली करून पोहतो, आणि आम्ल वर सरकते. पाण्याखाली ते घशाशी येऊन श्वासमार्गात गेले तर खोकला, घसा आवळणे आणि घबराट अशी साखळी सुरू होते. उलटी झालीच तर रेग्युलेटर तोंडातच धरून त्यातून करावी आणि नंतर पर्ज बटन दाबून तो साफ करावा, असे प्रशिक्षक शिकवतात, कारण उलटीच्या पाठोपाठ नकळत खोल श्वास घेतला जातो.

औषधांबाबत माझे मत असे की गोळीच्या नावापेक्षा ती कशासाठी चालू आहे, हा प्रश्न आधी विचारावा. ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल यांचा पाण्याखाली सहसा त्रास नसतो. पण ती बंद केल्यावर घशाशी येत असेल तर अडचण मूळ आजाराची आहे. पोटातील कळांवरच्या डायसायक्लोमिनने सुस्ती येऊ शकते आणि नजर धूसर होऊ शकते. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी जाणवू लागते तेव्हा या दोहोंची बेरीज होते. कोणतेही नवे औषध जमिनीवर आधी घेऊन पाहावे. पहिला डोस होडीत नको. जुलाब लोपेरामाइडने थांबले म्हणजे शरीरातले पाणी भरून निघाले असेही नाही, आणि निर्जलीकरण हा डिकम्प्रेशन आजाराला (दाब कमी होताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याला) पोषक घटक मानला जातो. अशा वेळी ओआरएस घ्यावे आणि तो दिवस किनाऱ्यावर काढावा.

पन्नाशीच्या पुढे एक दक्षता अधिक हवी. जिना चढताना होणारी आणि थांबल्यावर शमणारी जळजळ ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडून देता येत नाही, कारण हृदयाचे दुखणे पुष्कळदा पोटाचा वेश घेऊन येते आणि डायव्हिंगमधील मृत्यूंमागे हृदयविकार हे एक प्रमुख कारण आहे. अशा माणसाने आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

बुडीनंतरचे पोटदुखणेही सरसकट गॅसच्या खाती जमा करू नये. कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखी वेदना, पायांत मुंग्या किंवा लघवी अडकणे ही मज्जारज्जूला झालेल्या डिकम्प्रेशन आजाराची लक्षणे असू शकतात. त्यावर प्राणवायू आणि तातडीचे वैद्यकीय साहाय्य लागते. विमानप्रवासासाठी एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर १८ तास थांबण्याची शिफारस आहे, आणि ती सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू धरली जाते. आंबोली त्याहून उंच आहे. संध्याकाळी घाट चढताना पोटात असे दुखू लागले, तर ‘गाडी लागली’ म्हणून लिंबू चोखत पुढे जाण्याऐवजी गाडी थांबवावी, आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच आपण सकाळी डायव्हिंग केल्याचे सांगावे.