नागपूरचे प्रादेशिक विमानमार्ग

नागपूरचे प्रादेशिक विमानमार्ग : महाराष्ट्राच्या उपराजधानीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून (जुन्या नागपूरकरांच्या तोंडी अजूनही नुसते ‘सोनेगाव’) राज्यातील व शेजारच्या राज्यांतील मध्यम आणि लहान शहरांकडे जाणाऱ्या विमानसेवा. मुंबई, दिल्ली, पुणे, बंगळूर आणि हैदराबाद हे मार्ग यात धरत नाहीत; ते बाराही महिने स्वतःच्या बळावर चालतात. प्रश्न असतो तो नाशिक, नांदेड, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, बेळगाव अशा मार्गांचा. यातला एखादा मार्ग सुरू होतो तेव्हा केक कापला जातो, वर्तमानपत्रात फोटो येतो. बंद होतो तेव्हा बहुधा तिकीट काढायला गेलेल्यालाच ते कळते.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, म्हणून इथे विमानांचे मोठे केंद्र व्हायलाच हवे, हा युक्तिवाद शहरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. झिरो माइलचा दगड दाखवून तो केला जातो. त्याला इतिहासाचा आधारही आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परतत. डाकोटा जातीच्या विमानांना तेव्हा इतका लांबचा पल्ला मध्ये न थांबता गाठणे सोयीचे नव्हते, आणि नागपूर चौघांनाही साधारण सारख्या अंतरावर पडत होते. पुढे जेट विमाने आली आणि मुंबई–कलकत्ता प्रवासात मध्ये उतरण्याचे कारणच उरले नाही. १९७० च्या दशकात ही सेवा संपली.

त्या टपालसेवेचे खरे मर्म भूगोलात कमी आणि घड्याळात जास्त होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. चार विमाने एकाच तासात जमिनीवर असत, म्हणून अदलाबदल होऊ शके. आज सोनेगावला दिवसभर विमाने येतात, पण ती एकमेकांसाठी येत नाहीत. प्रत्येक विमानाचा मुक्काम मुंबईला, हैदराबादला नाहीतर आणखी कुठे, आणि त्याचे वेळापत्रक तिथल्या सोयीने लावलेले. नांदेडहून आलेल्याला रायपूरला जायचे असेल तर नागपुरात त्याच्यासाठी विमान थांबलेले नसते. तो स्टेशनवर जाऊन गाडी पकडतो. अशा स्थितीत नागपूर–नांदेड मार्गाला फक्त नागपूर आणि नांदेड या दोन गावांमधल्या प्रवाशांवर जगावे लागते, आणि ते पुरत नाहीत.

विदर्भातले लहान विमानतळही नागपूरला जोडलेले नाहीत. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून मार्च २०२२ मध्ये फ्लायबिग कंपनीने इंदूर आणि हैदराबादसाठी सेवा सुरू केली. ती काही महिन्यांतच थांबली. डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबाद–गोंदिया–तिरुपती सेवा सुरू केली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी अलायन्स एअरचे पहिले प्रवासी विमान उडाले ते मुंबईसाठी. यात नवल काहीच नाही. अमरावती–नागपूर रस्ता दीडशे किलोमीटरचा, गोंदिया त्याहून थोडे दूर. एवढ्या अंतरासाठी कोणी विमानतळावर तासभर आधी जाऊन बसत नाही. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून आणि यवतमाळहून नियमित प्रवासी सेवा नाही. तेव्हा नागपूरला ज्याला हक्काचे पाणलोट क्षेत्र म्हणावे, तिथला प्रवासी रस्त्याने येतो, आणि विमानाने जायचेच झाले तर नागपूर टाळून थेट मुंबई–हैदराबाद गाठतो.

अंतराची ही अट प्रादेशिक मार्गांना दोन्ही बाजूंनी कचाट्यात धरते. तीनशे किलोमीटरच्या आतले गाव रस्त्याला आणि रेल्वेला जाते. त्याहून लांबच्या गावांकडेही आता वेगवान गाड्या आणि रस्ते आहेत. नागपूर–बिलासपूर वंदे भारत डिसेंबर २०२२ पासून आणि नागपूर–सिकंदराबाद सप्टेंबर २०२४ पासून धावते. पश्चिमेकडे समृद्धी महामार्गाने हिशेबच बदलला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता. छत्रपती संभाजीनगर आता मोटारीने साडेचार-पाच तासांवर आले आहे. इंडिगोने याच शहरासाठी जुलै २०२४ मध्ये सेवा सुरू केली तेव्हा तिची स्पर्धा दुसऱ्या विमान कंपनीशी नव्हतीच. समृद्धीवरून चार जण मिळून जाणाऱ्या एका गाडीशी होती. चौघांचे विमानभाडे आणि एका गाडीचे डिझेल-टोल यांची बेरीज कोणीही मनातल्या मनात करू शकतो.

दुसरी स्पर्धा रात्रीची आहे. नागपूरहून पुणे, नाशिक, नांदेडकडे संध्याकाळनंतर ट्रॅव्हल्सच्या गाड्या सुटतात. स्लीपर गाडीत तीस ते छत्तीस जागा असतात. म्हणजे दोन गाड्या जेवढे लोक नेतात, जवळपास तेवढेच एटीआर जातीच्या एका लहान विमानात बसतात. पण गाडी घराजवळच्या चौकातून उचलते, सामानाचे वजन करत नाही, प्रवासी झोपेत पोहोचतो आणि हॉटेलचे भाडे वाचते. सीट भरल्या नाहीत तर ट्रॅव्हल्सवाला दोन गाड्यांची एक करून टाकतो. विमान कंपनीला ही मुभा नाही. वीस प्रवाशांसाठीही वैमानिक, इंधन आणि जमिनीवरची माणसे तेवढीच लागतात.

म्हणून विमानाचा आकार हा या धंद्यातला पहिला निर्णय ठरतो. मोठ्या मार्गांवरचे ए-३२० विमान साधारण १८० आसनांचे असते. नाशिकसाठी ते रोज भरणे अवघड. एटीआर-७२ मध्ये ७० ते ७८ आसने, बाहेर फिरणाऱ्या पंख्याचे (प्रोपेलरचे) इंजिन, वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, आणि जेटच्या मानाने इंधन बरेच कमी. नियमही लहान विमानाला झुकते माप देतात. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानाला उतरण्याच्या शुल्कात सवलत आहे (इंडिगोच्या एटीआरमधला ७८ हा आकडा या मर्यादेच्या बेताचाच). चाळीस टनांपेक्षा हलक्या विमानाच्या इंधनावर राज्य किती विक्रीकर लावू शकते, याला केंद्रीय कायद्यानेच कमाल मर्यादा घातली आहे. विमान इंधन अजून जीएसटीबाहेर असल्याने ही सवलत मोलाची आहे. इंडिगोने मार्च २०२३ मध्ये सुरू केलेली नाशिक–नागपूर सेवा एटीआरची होती. स्टार एअरने एप्रिल २०२२ मध्ये बेळगाव–नागपूर मार्गावर ५० आसनांचे एम्ब्रेअर १४५ जेट आणले. पुढे याच कंपनीने २०२४ मध्ये नांदेड आणि २०२५ मध्ये कोल्हापूर नागपूरशी जोडले.

अशा मार्गांना सरकारी टेकू मिळतो तो ‘उडान’ योजनेतून. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती जाहीर झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये शिमला–दिल्ली हे तिचे पहिले विमान उडाले. तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २,५०० रुपये भाडे ठरले. विमानातील साधारण निम्म्या जागा या दराने विकायच्या आणि येणारी तूट सरकारने भरून द्यायची, त्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २०. मुदत तीन वर्षांची; तेवढा काळ त्या मार्गावर त्या कंपनीची मक्तेदारी. योजना मुळात विमानसेवा नसलेल्या किंवा तुरळक असलेल्या गावांसाठी; नागपूर आधीपासून चालता विमानतळ असल्याने ते फक्त दुसऱ्या टोकाच्या गावाच्या पुण्याईवर योजनेत येते.

तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल आणि मग मार्ग आपल्या पायावर उभा राहील, असे योजनेने गृहीत धरले होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने देशभराचा हिशेब मांडला : दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतले ५४ टिकून होते. अनुदान संपण्याच्या सुमारास विमान दुसऱ्या नव्या मार्गावर हलवणे कंपनीला सोयीचे पडते, कारण तिथे अनुदानाचे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. ही कंपन्यांची लबाडी म्हणता येत नाही. योजनेची रचनाच तशी आहे.

उपराजधानी असण्याचा फायदा किती, हे एकदा नीट पाहायला हवे. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी इथे भरते. डिसेंबरात ते सुरू झाले की मुंबईच्या विमानांचे तिकीट हाताला लागत नाही, रविवारी संध्याकाळी सगळे येतात आणि शुक्रवारी दुपारनंतर सगळे पळतात. कोल्हापूरच्या आणि नांदेडच्या विमानांतही तेव्हा आमदार, स्वीय सहायक, निवेदने घेतलेली शिष्टमंडळे दिसतात. हा हंगाम एक-दोन आठवड्यांचा. उरलेल्या पन्नास आठवड्यांत कोल्हापूरकराचे सरकारी काम मुंबईत असते, नागपुरात नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ वर्षभर चालते, पण त्याची हद्द विदर्भाची; पक्षकार एसटीने, रेल्वेने येतात. ताडोबा–पेंचचे पर्यटक थेट मोठ्या शहरांतून येतात आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असताना तेही थांबतात. दीक्षाभूमीवर विजयादशमीला लोटणारा जनसागर मुख्यतः रेल्वेचा आणि रस्त्याचा.

एसटीत ज्याला भारमान म्हणतात (भरलेल्या जागांचे प्रमाण), ते वाढवण्याचा एक उपाय कंपन्या क्वचितच करतात, तो म्हणजे रोज आणि दोनदा उडणे. नांदेडच्या व्यापाऱ्याला सकाळी नागपूरला येऊन इतवारी बाजारातली कामे उरकून रात्री घरी जेवायला पोहोचता आले, तर तो रातराणीपेक्षा जास्त पैसे मोजेल. आठवड्यातून तीन दिवसांच्या, दुपारी एकदाच येणाऱ्या विमानाने जायचे तर त्याला नागपुरात मुक्काम पडतो, आणि मुक्कामच करायचा तर ट्रॅव्हल्स काय वाईट. पण दोनदा उडायला विमान रात्री नांदेडला किंवा सोनेगावला उभे ठेवावे लागते, वैमानिकांची आणि देखभालीच्या माणसांची तिथे सोय लागते, आणि पहिले कित्येक महिने विमाने अर्धी रिकामी उडवायची तयारी लागते. विमानतळाला लागून असलेल्या मिहान प्रकल्पात बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेला विमान देखभालीचा मोठा कारखाना २०१५ पासून आहे. तिथे दुरुस्तीला विमाने येतात. काम झाले की ती आपल्या तळावर परत जातात.