कॅगचा अहवाल आणि अँटी फ्रॉड युनिटची चौकशी: आयुष्मान योजनेत कोण काय तपासतं?

ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेवरचा कॅगचा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत मांडला गेला आणि त्यातला एक आकडा सगळीकडे फिरला. ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाला ७,४९,८२० लाभार्थी जोडलेले होते. साडेसात लाख बोगस रुग्ण सापडले, असाच अर्थ अनेकांनी काढला. अहवाल तसं म्हणत नव्हता. कॅगचं लेखापरीक्षण आणि योजनेच्या अँटी फ्रॉड युनिटची, म्हणजे फसवणूकविरोधी पथकाची, चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की आकड्यांचा अर्थ बदलतो आणि तक्रारही चुकीच्या दारात जाते.

आधी युनिट पाहू. योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणात राष्ट्रीय पातळीवरचं युनिट आहे, त्याला ‘नाफू’ म्हणतात. राज्यांच्या आरोग्य यंत्रणेत त्याचंच राज्य पातळीवरचं रूप असतं, ते ‘साफू’. यांचं काम एकेका क्लेमवर, म्हणजे उपचाराच्या पैशांसाठी रुग्णालयाने केलेल्या मागणीवर, आणि एकेका रुग्णालयावर चालतं. रुग्ण अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील केलेल्या, रुग्णालयात आला की ओळख पटवली जाते, मग रुग्णालय प्री-ऑथ म्हणजे पूर्वमंजुरी मागतं. उपचार आणि डिस्चार्ज झाल्यावर कागद, तपासण्यांचे अहवाल व फोटो जोडून क्लेम सादर होतो. या सगळ्या नोंदींवर संगणकीय नियम लावलेले असतात. खाटांच्या क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण भरती, एकाच पॅकेजची (ठरलेल्या दराच्या उपचाराची) रांग लागणं, तोच फोटो दोन क्लेमना जोडणं, डिस्चार्जनंतरच्या तारखेची शस्त्रक्रिया, अशी खूण दिसली की क्लेम बाजूला काढला जातो. मग टेबलावर कागदांची छाननी, डॉक्टरांकडून वैद्यकीय ऑडिट, रुग्णालयात अचानक भेट आणि शेवटी रुग्णाला फोन किंवा त्याच्या घरी भेट.

यातल्या कागदांपलीकडच्या पायऱ्या सर्वांत मोलाच्या. कागद पूर्ण असणं आणि उपचार खरा असणं यात फार अंतर असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने गावात मोफत शिबिर घेऊन रुग्ण आणले आणि गरज नसताना अँजिओप्लास्टी केल्याचा आरोप झाला. दोन रुग्ण दगावले. अशा प्रकारात प्रक्रिया खरोखर झालेली असते, स्टेंट बसलेला असतो, फोटोही खरा असतो. कागदांची छाननी तिथे काहीच पकडत नाही. हृदयरोगतज्ज्ञाने अँजिओग्राफीचं चित्रीकरण स्वतः बघून ‘इतका अडथळा होता का?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

रुग्णालयाला दोषी ठरवताना युनिटला हेतू दाखवावा लागतो. योजनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गैरलाभ मिळवण्यासाठी जाणूनबुजून केलेली दिशाभूल म्हणजे फसवणूक. माणसाच्या हातून झालेली चूक त्यात धरत नाहीत. हेतू दिसला तर कारणे दाखवा नोटीस, क्लेम नामंजूर, वसुली, दंड, निलंबन, अंगीकरण रद्द आणि गरज पडली तर पोलिसांत गुन्हा, अशी चढती पायरी आहे.

कॅगकडे यातलं एकही हत्यार नाही. तो संविधानाच्या कलम १४८ नुसार नेमलेला स्वतंत्र लेखापरीक्षक आहे. त्याच्या निशाण्यावर रुग्णालयापेक्षा सरकारी यंत्रणा असते: पैसा नियमानुसार गेला का, डेटा विश्वासार्ह आहे का, आणि हो, साफू तरी नीट चालली का? अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेत जातो, पुढे संसदेच्या लोकलेखा समितीसमोर. रुग्णालय निलंबित करणं त्याच्या अधिकारात नाही. वेळही लागतो: २०२३ च्या अहवालातला काळ सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२१ हा होता.

म्हणून त्याचे आकडे ‘सिद्ध फसवणूक’ म्हणून वाचू नयेत. ४८,३८७ रुग्णांचे ७८,३९६ क्लेम असे निघाले की नवीन भरतीची तारीख आधीच्या डिस्चार्जच्या आधीची होती, म्हणजे एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी. प्राधिकरणाचं एक स्पष्टीकरण असं होतं की बाळ एका रुग्णालयात जन्मतं आणि आईच्याच ओळख क्रमांकावर दुसऱ्या रुग्णालयाच्या नवजात विभागात हलवलं जातं. हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे, पण ते सगळ्या प्रकरणांना लागू पडतं असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले, त्यातली प्रत्येक फाइल उघडूनच बघायला हवी. ते काम साफूचं.

मोबाइल क्रमांकाचं उत्तरही असंच अर्धवट राहिलं. पात्रता आधारने तपासली जाते, मोबाइलची त्यात भूमिका नाही, असं सरकारने सांगितलं. पात्रतेपुरतं ते बरोबर आहे. पण रुग्णाला फोन करून ‘तुमची शस्त्रक्रिया खरंच झाली का?’ असं विचारायचं, तर तो फोन ९९९९९९९९९९ वर लावणार का? खोटा क्रमांक म्हणजे फसवणूक नव्हे, पण फसवणूक पकडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग त्याने बंद होतो. कॅगच्या या नोंदीचं खरं महत्त्व इथे आहे.

दोघांच्या मर्यादा उलट्या आहेत. युनिटकडे अधिकार आहे, पण ते योजना चालवणाऱ्या यंत्रणेचाच भाग आहे. एखाद्या जिल्ह्यात डायलिसिस देणारं अंगीकृत रुग्णालय एकच असेल, तर ते निलंबित करण्याआधी कोणाचाही हात थबकेल. कॅगला हा संकोच नाही, पण तो पोहोचतो तेव्हा रुग्ण कधीच घरी गेलेला असतो.

तुमच्याबाबतीत काही घडलं तर कॅगला लिहून उपयोग नाही. रुग्णालयाने योजनेतल्या उपचारासाठी रोख मागितली किंवा न घेतलेल्या उपचाराचा संदेश आला, तर १४५५५ वर फोन करा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडेही, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडेही, तक्रार देता येते. डिस्चार्ज कार्ड, भरलेल्या पैशांची पावती आणि तपासणी अहवालांच्या प्रती जपून ठेवा. पावती मागूनही दिली नाही, तर रक्कम, तारीख आणि कोणाच्या हातात दिली हे त्याच दिवशी लिहून काढा. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि कार्ड काढताना समोरचा माणूस घाईने कुठलाही मोबाइल क्रमांक टाकत असेल, तर त्याला थांबवून तुमचा स्वतःचा टाकायला लावा.